पीआरएन नावाचं फोल्डर

गेल्या जूनमध्ये भाची चार दिवस माझ्याकडे राहायला आली होती. पुढच्या प्रवेशाचे फॉर्म भरायचे होते आणि त्यांच्याकडे पाऊस लागला की वीज आणि इंटरनेट दोन्हींचा भरवसा नसतो. म्हणून लॅपटॉप, चार्जर आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली गुणपत्रकांची फाइल घेऊन ती आली. संध्याकाळी मी शेंगा सोलत बसले होते आणि ती समोर टेबलावर स्कॅन केलेले कागद जागच्या जागी लावत होती. आधार एका फोल्डरमध्ये, दाखले दुसऱ्यात, गुणपत्रकं तिसऱ्यात. मग म्हणाली, "आत्या, हा बघ ना, नावच घेत नाहीये." पीआरएनचे कागद ठेवायला तिने नवं फोल्डर केलं होतं आणि त्याला इंग्रजीत पी, आर, एन एवढीच तीन अक्षरं नाव म्हणून दिली होती. विंडोज दर वेळी एकच सांगत होतं, की दिलेलं डिव्हाइसचं नाव चुकीचं आहे. तिने मोठ्या अक्षरांत करून पाहिलं, लहान अक्षरांत केलं, लॅपटॉप बंद करून पुन्हा चालू केला. दुसरं कुठलंही नाव चालत होतं. हे एकच चालत नव्हतं.

"डिव्हाइस कुठलं? मी तर फोल्डर करतेय."

माझ्या हातातली शेंग तशीच राहिली. विद्यापीठाने दिलेला नोंदणी क्रमांक म्हणजे पीआरएन, हे तिला माहीत होतं. ती जन्मण्याच्या कितीतरी आधी मला दुसराच पीआरएन भेटला होता, आणि तो अजून तिथे आत बसून आहे याची मला कल्पना नव्हती.

१९९३ साली मिरजेत, एका कापडदुकानाच्या वरच्या मजल्यावर आमचा कॉम्प्युटर क्लास होता. लाकडी जिना चढून गेलं की दाराशी चपलांचा ढीग, आत हिरवं कार्पेट, खिडक्यांना जाड पडदे आणि मे महिन्यातही अंगावर काटा आणणारा एसी. त्या गार हवेचा, नव्या प्लॅस्टिकचा आणि कार्पेटच्या कुबट ओलीचा मिळून जो वास यायचा त्याला आम्ही 'कॉम्प्युटरचा वास' म्हणायचो. सर आले की आधी एकेका मशीनवरचं कव्हर काढून त्याची नीट घडी घालायचे, मगच बोलायला सुरुवात करायचे. हार्ड डिस्क फक्त त्यांच्या मशीनला. आमच्या मशीनना फ्लॉपीच्या दोन-दोन फटी. वरच्या फटीत डॉसची, म्हणजे मशीन चालवणाऱ्या मूळ प्रोग्रामची, काळी, हातात वाकणारी फ्लॉपी सरकवायची, खटका पाडायचा, बटण दाबायचं. आत खर्र, खर्र, टक असा आवाज व्हायचा आणि पडद्यावर हिरवं ए उमटायचं, त्यापुढे कोनाचं चिन्ह, त्यापुढे लुकलुकणारी रेघ. ती रेघ मला तगादा लावल्यासारखी वाटायची. आपण काहीतरी म्हटल्याशिवाय ती हलणार नाही, हे पहिल्याच दिवशी कळलं होतं.

सरांनी आम्हाला पहिली गोष्ट शिकवली ती 'कॉपी कॉन'. कॉन म्हणजे कन्सोल, म्हणजे तुमच्यासमोरचा कीबोर्ड. कीबोर्डवरून जे येईल ते उचल आणि या नावाच्या फाइलमध्ये ठेव, असा त्याचा अर्थ. पुढे फाइलचं नाव लिहायचं, एंटर मारायचा आणि मग हवं ते टाइप करत जायचं. झालं की कंट्रोल आणि झेड. मी रोमन अक्षरांत मराठी पत्र लिहिलं होतं, "तीर्थस्वरूप आईस" असं. मग सर म्हणाले, आता हेच पत्र प्रिंटरला पाठवा. तो कोपऱ्यातल्या लोखंडी टेबलावर होता. कॉपी, पत्राचं नाव आणि पुढे पी, आर, एन. एंटर मारला आणि कोपऱ्यातलं टेबल थरथरायला लागलं. डॉट मॅट्रिक्सचं डोकं करवतीसारखा आवाज करत डावीकडून उजवीकडे गेलं, परत आलं, पुन्हा गेलं. दोन्ही कडांना भोकं असलेला तो कागद मी घरी नेला. आईला रोमन अक्षरं वाचता येत नव्हती. मी वाचून दाखवलं, तिने ऐकलं आणि कागद दत्ताच्या तसबिरीमागे ठेवला. कडेच्या भोकांच्या पट्ट्या धाकट्या भावाने फाडून घेतल्या आणि त्यांच्या गणपतीच्या मखराला झिरमिळ्या लावल्या.

तर पीआरएन म्हणजे प्रिंटर. भाचीला एवढं सांगून टाकलं असतं तर विषय तिथेच संपला असता. पण तिने लगेच विचारलं, "पण आता का? प्रिंटर तर जोडलेलाच नाहीये." हा प्रश्न मला नीट सोडवता येईना. रात्री ती झोपल्यावर मी वाचत बसले, पुढच्या दोन-तीन रात्रीही बसले, आणि वाचता वाचता पीआरएनपासून फार दूर, एका माणसापाशी जाऊन पोचले. त्या माणसाबद्दल मी तीस वर्षं एक गोष्ट सांगत आले होते.

आधी प्रश्नाचं उत्तर. डॉसची पहिली आवृत्ती आली तेव्हा फोल्डर हा प्रकारच नव्हता. फ्लॉपीवर सगळ्या फाइली एकाच सतरंजीवर बसल्यासारख्या ओळीने. त्यामुळे कॉन म्हणजे कीबोर्ड आणि पीआरएन म्हणजे प्रिंटर ही नावं एकदाच राखून ठेवली की पुरे होतं. १९८३ मध्ये डॉसची दुसरी आवृत्ती आली, तिने फोल्डर आणले. तोवर लोकांकडचे प्रोग्राम नुसतं पीआरएन म्हणून प्रिंटरशी बोलायला सरावले होते. प्रोग्राम कुठल्याही फोल्डरमध्ये उभा असला तरी त्याची हाक प्रिंटरला ऐकू जायला हवी. म्हणून ती नावं प्रत्येक फोल्डरमध्ये आहेतच असं धरायचं ठरलं. विंडोज आलं, त्याने डॉसचे जुने प्रोग्राम चालवायचे म्हणून हा नियम तसाच पुढे नेला. अशा रीतीने एका प्रिंटरची जागा २०२० नंतरच्या लॅपटॉपमध्येही रिकामी ठेवलेली आहे. पंगतीत एखादं पान आजोबांच्या नावाने वाढून ठेवतात, तशी.

पण डॉसनेही हे नाव स्वतः शोधलेलं नव्हतं. त्याच्या आधी सीपी/एम नावाची, डॉससारखंच काम करणारी ऑपरेटिंग सिस्टिम होती आणि तिच्यात फाइली इकडून तिकडे नेणारा पिप नावाचा प्रोग्राम होता. त्याच्या जुन्या माहितीपुस्तकात पीआरएन सापडतो. काम लिहिलंय ते असं: प्रिंटरकडे पाठव, पण पाठवताना टॅबच्या जागा दर आठव्या अक्षरावर नीट सोड, प्रत्येक ओळीला क्रमांक घाल, आणि साठ ओळी झाल्या की नवं पान घे. हे वाचलं आणि मी बराच वेळ त्या तीन सूचनांकडे पाहत राहिले. कोणीतरी खोलीत बसून आपल्याच प्रोग्रामचे लांबलचक कागद छापून घेत होतं. ओळ शोधताना त्याचे डोळे दुखले असतील, पानाच्या घडीवर अक्षरं आली असतील, म्हणून त्याने हे लिहून ठेवलं. त्या माणसाचं नाव गॅरी किल्डाल, सीपी/एम त्याचीच.

हे नाव मी त्याच कार्पेटच्या खोलीत ऐकलं होतं. कोर्सच्या शेवटच्या आठवड्यात सरांनी गोष्ट सांगितली. १९८० साली आयबीएमची माणसं आपल्या नव्या छोट्या कॉम्प्युटरसाठी ऑपरेटिंग सिस्टिम मागायला किल्डालच्या दारात गेली, तेव्हा हा गडी विमान उडवायला गेला होता. माणसं परत फिरली, बिल गेट्सकडे गेली आणि पुढचं सगळ्या जगाला माहीत आहे. "दैव आलं द्यायला, पदर नाही घ्यायला," सर म्हणाले. आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. एवढी नेटकी गोष्ट. मी ती पाठ केली आणि पुढे कुठे कुठे सांगितली. मैत्रिणींना सांगितली, ऑफिसात नव्या मुलांना सांगितली.

एकदा भावालाही सांगितली.

१९९७ मध्ये त्याला पुण्याच्या एका कारखान्यातून मुलाखतीचं बोलावणं आलं होतं. त्याच दिवशी शेजारच्या आजोबांना मोतीबिंदूच्या ऑपरेशनला न्यायचं त्याने आधीपासून कबूल केलं होतं. त्यांचं दुसरं कोणी नव्हतं. त्याने एसटीडी बूथवरून पुण्याला फोन केला, दुसरी तारीख मागितली आणि आजोबांना घेऊन गेला. पुण्याहून पुन्हा काही आलं नाही. दोन महिन्यांनी घरी पाहुणे जेवायला असताना कोणीतरी त्याच्या नोकरीचा विषय काढला आणि मी ही विमानाची गोष्ट सांगितली. सरांच्या म्हणीसकट. भाऊ काही बोलला नाही. ताटातला भात संपवला, ताट उचललं आणि मोरीकडे गेला. पुढे त्याने मोटार वाइंडिंगचं दुकान टाकलं. ते बरं चालतं. त्या जेवणाबद्दल आम्ही कधी बोललो नाही.

त्यामुळे त्या रात्री किल्डालबद्दल वाचताना माझं मन थाऱ्यावर नव्हतं. मी जे वाचत होते ते कोणाच्या निष्काळजीपणाचं वर्णन नव्हतं.

हा सिएटलचा मुलगा. घरी आजोबांपासून चालत आलेली दर्यावर्दी शिक्षणाची शाळा, खलाशांना ताऱ्यांवरून जहाजाची जागा काढायला शिकवणारी. वडिलांची जुनी इच्छा होती, की मूठ फिरवली की ते आकाशातले त्रिकोण सोडवून देणारं एखादं यंत्र असावं. मुलगा गणित आणि कॉम्प्युटर शिकला. व्हिएतनामच्या लढाईचे दिवस होते. नौदलात भरती व्हायची वेळ आली तेव्हा जहाजावर जाण्याऐवजी कॅलिफोर्नियात मॉन्टेरेच्या नौदलाच्या पदव्युत्तर शाळेत शिकवायची वाट त्याने धरली. तिथे त्याने इंटेलच्या ४००४ या चिपची जाहिरात पाहिली. पंचवीस डॉलरमध्ये कॉम्प्युटर, असं काहीसं तिच्यात होतं. त्याने ती घेतली आणि वडिलांच्या यंत्राच्या नादात तिच्यासाठी साइन-कोसाइनची गणितं लिहिली. ती गणितं इंटेलला देऊन बदल्यात पूर्ण जोडलेलं मशीन मिळवलं. गावातल्या गावात देवाणघेवाण करतात तसं, एका हाताने धान्य देऊन दुसऱ्या हाताने तेल घ्यावं. पुढे तो इंटेलसाठी काम करू लागला आणि त्यांच्या चिपवर प्रोग्राम लिहायला सोपं जावं म्हणून त्याने पीएल/एम नावाची भाषा केली.

मग फ्लॉपी. शुगार्ट कंपनीची आठ इंची फ्लॉपी ड्राइव्ह त्याला मिळाली, चाचण्यांत वापरून झालेली. पण ती चालवायला लागणारी इलेक्ट्रॉनिक्सची पाटी त्याच्याकडे नव्हती आणि ती करणं त्याला जमेना. बरेच महिने ती ड्राइव्ह तशीच पडून होती. शेवटी त्याने वॉशिंग्टन विद्यापीठातल्या जुन्या मित्राला, जॉन टोरोडला हाक मारली. टोरोडने तारा जोडून पाटी उभी केली. १९७४ च्या शरदात, पॅसिफिक ग्रोव्ह गावातल्या किल्डालच्या घरामागच्या अवजारांच्या खोलीत, कागदी पट्टीवरून सीपी/एम आत घातली, फ्लॉपी फिरली आणि समोर एक तारका उमटली. मिरजेत ए होतं, इथे तारका. त्या रात्री दोघांनी स्वस्तातल्या वाइनचा जग रिकामा केला, हे किल्डालने नंतर आठवणींत लिहिलंय. मला हा भाग पुन्हा पुन्हा वाचावासा वाटला. खिळे-हातोड्यांच्या खोलीत, दमट समुद्री हवेत दोन मित्र एका तारकेकडे पाहत उभे आहेत.

ती तारका म्हणजे मशीन तुमच्या मालकीचं असल्याची खूण होती. त्याआधी कॉम्प्युटर म्हणजे संस्थेचा, आणि आपण त्याच्यापुढे रांगेत. आता टेबलावरचं मशीन आणि त्याच्यासमोर एकटा माणूस. किल्डालच्या सिस्टिमची एक लकब मला फार आवडली. तुम्ही तिला न कळणारा शब्द टाइप केला, तर ती तोच शब्द परत लिहायची आणि पुढे फक्त प्रश्नचिन्ह घालायची. पत्र म्हटलं की, पत्र? डॉसने पुढे 'चुकीची आज्ञा किंवा चुकीचं नाव' असं बजावायला सुरुवात केली. आम्ही ते वाक्य दिवसातून पन्नासदा वाचायचो आणि दर वेळी खजील व्हायचो. किल्डालची सिस्टिम, न ऐकू आल्यामुळे पुन्हा विचारणाऱ्या म्हाताऱ्या माणसासारखी होती.

सत्तरच्या दशकाच्या मध्यावर त्याने आणि बायको डोरोथीने कंपनी काढली. 'डिजिटल रिसर्च' हे नाव तेव्हा मोकळं नव्हतं, म्हणून सुरुवातीला 'इंटरगॅलॅक्टिक डिजिटल रिसर्च'. आणि याच सुमाराला त्याने केलेलं काम मला सगळ्यांत मोठं वाटतं. तेव्हा पाच-पन्नास कंपन्या आपापली मशीन काढत होत्या आणि प्रत्येकाची ड्राइव्ह, प्रत्येकाचा पडदा वेगळा. दर नव्या मशीनसाठी सगळी सिस्टिम पुन्हा उसवायची म्हणजे जन्म जायचा. आयएमएसएआय कंपनीच्या मशीनसाठी तेच करायची वेळ आली तेव्हा त्याने यंत्राशी थेट बोलणारा तेवढा भाग कापून वेगळा काढला आणि त्याला बायोस म्हटलं. बाकीची सिस्टिम सगळीकडे एकच. आईची पुरणपोळीची कृती एकच असायची, मग चूल असो, रॉकेलचा स्टोव्ह असो की गॅस. आच सांभाळायचं काम त्या त्या घरच्या बाईचं. आता कोणीही प्रोग्राम एकदा लिहावा आणि तो शेकडो तऱ्हांच्या मशीनवर चालावा, हे शक्य झालं. सॉफ्टवेअर पाकिटात घालून दुकानात विकण्याचा धंदा यातून उभा राहिला. वर्डस्टार हा मजकूर लिहायचा प्रोग्राम १९७८ मध्ये आला तो सीपी/एमसाठी. नोंदी ठेवायचं डीबेस आलं तेही आधी सीपी/एमवर. म्हणजे मिरजेच्या त्या खोलीत आम्ही जे जे शिकलो, त्यातलं बरंचसं या माणसाच्या ओट्यावर शिजलेलं होतं.

फाइलीच्या नावाला आठ अक्षरं आणि पुढे तीन, हाही त्याचाच नेम. सरांनी आम्हाला वर्गातल्या मुलांच्या नावाने फाइली करायला लावल्या होत्या. कुलकर्णी इंग्रजीत बरोबर आठ अक्षरांत बसायचं. देशपांडे नऊ, त्याचं शेवटचं अक्षर गळून पडायचं आणि वर्गातली देशपांडे खरंच हिरमुसायची. आणि पत्र संपल्याची ती कंट्रोल झेडची खूण? सीपी/एम फाइलची लांबी १२८ बाइटच्या मापाने मोजायची, मापट्याने धान्य मोजतात तशी. शेवटचं माप अर्धंच भरलं असलं तरी तिला ते कळायचं नाही. म्हणून मजकूर जिथे खरोखर संपतो तिथे ही खूण ठेवायची. डॉसला फाइलची अचूक लांबी कळत होती, त्याला या खुणेची गरज नव्हती. तरी खूण राहिली. आईला लिहिलेल्या पत्राच्या शेवटी मी ती ठेवली होती.

आता ती दुपार. ऑगस्ट १९८०. किल्डाल विमान घेऊन गेला होता हे खरं. पण मौजेला नाही. बिल गॉडबाउट नावाच्या गिऱ्हाइकाशी ओकलंडला त्याची भेट आधी ठरलेली होती आणि तो स्वतःचं विमान चालवत कामाला गेला होता, जसा माझा भाऊ मोटारसायकलवरून जातो. कंपन्यांशी परवान्यांचे करार करायचं काम एरवीही डोरोथीच पाहायची, त्यामुळे आयबीएमच्या माणसांपुढे ती बसली. त्यांनी आधी गुप्ततेचा कागद पुढे केला: आम्ही आलो होतो हेसुद्धा कोणाला सांगायचं नाही, आम्ही सांगू ते गुप्त, तुम्ही सांगाल ते मात्र गुप्त नाही. ती आणि तिचे वकील अडून बसले. माझ्या हाती असला एकतर्फी कागद आला असता तर मीही सही केली नसती. पुढच्या हकीकती दोन आहेत. किल्डाल सांगायचा की तो दुपारी परतला आणि त्यांच्याशी बोलला. आयबीएमचे जॅक सॅम्स म्हणायचे की त्यांची गाठ पडलीच नाही. पैशांवरूनही जमलं नाही. आयबीएमला एकरकमी सौदा हवा होता, किल्डालला सगळ्या गिऱ्हाइकांना लावलेलाच हिशेब.

आणि सिएटलमध्ये टिम पॅटरसन होता, चोवीस वर्षांचा. त्याच्यावरही मला राग धरता येत नाही. त्याच्या कंपनीने नव्या ८०८६ चिपच्या पाट्या विकायला काढल्या होत्या आणि त्यावर चालणारी किल्डालची नवी सिस्टिम काही येत नव्हती. गिऱ्हाइकं थांबलेली. त्याने एप्रिल १९८० मध्ये स्वतःच लिहायला घेतली, सीपी/एमचे प्रोग्राम सहज वळवून घेता यावेत म्हणून प्रोग्रामने सिस्टिमकडे काम मागायच्या तिच्या हाका तशाच ठेवल्या, फाइली ठेवायची पद्धत मात्र वेगळी आणि जास्त भक्कम केली. मायक्रोसॉफ्टने तिचा परवाना २५,००० डॉलरला घेतला आणि जुलै १९८१ मध्ये आणखी ५०,००० डॉलर देऊन ती सगळीच विकत घेतली. १२ ऑगस्ट १९८१ ला आयबीएमचा पीसी आला, हीच सिस्टिम डॉस म्हणून घेऊन. किल्डालची तक्रार होती की हे आपलंच आहे. प्रोग्रामवरच्या हक्काचा कायदा तेव्हा पुरता ठरलेला नव्हता. तडजोड म्हणून आयबीएमने त्याचीही सिस्टिम विकायला ठेवली. डॉसची किंमत ४० डॉलर, त्याची २४०. घराचं भाडं आणि फी मोजून जगणाऱ्या कुठल्याही माणसाने काय उचललं असेल, हे सांगायला नको.

डॉसमध्ये नऊ क्रमांकाची हाक दिली की मजकूर पडद्यावर छापला जातो आणि डॉलरचं चिन्ह आलं की थांबतो. सीपी/एममध्येही नऊच क्रमांक, आणि तेच डॉलरचं चिन्ह. बिलला विचारा तिथे डॉलर का आहे, त्याला सांगता येणार नाही, ते फक्त मला माहीत आहे, अशा अर्थाचं किल्डालचं बोलणं सांगितलं जातं. त्यातला अभिमान मला कळतो. वाइंडिंगच्या कामात भावाची शेवटची गाठ मारायची एक तऱ्हा आहे, ती पाहून तो बारा वर्षांपूर्वीची मोटार आपल्या हातची आहे हे ओळखतो.

किल्डालने पुढेही खूप केलं. टीव्हीवर कॉम्प्युटरचा कार्यक्रम चालवला, १९८५ मध्ये अख्खा ज्ञानकोश एका सीडीवर आणण्यात त्याचा हात होता. कंपनी १९९१ मध्ये विकली, पैसाही मिळाला. पण विमानाची गोष्ट त्याच्या आधी सगळीकडे पोचलेली असायची. १९९२ मध्ये त्याच्याच वॉशिंग्टन विद्यापीठाच्या कॉम्प्युटर विभागाचा पंचविसावा वाढदिवस होता. त्याने तिथून डॉक्टरेट घेतली होती. मुख्य भाषणाला बोलावलं बिल गेट्सना. ते त्याला लागलं. त्याने आठवणी लिहून काढल्या, थोड्या प्रती करून जवळच्यांना वाटल्या. जुलै १९९४ मध्ये मॉन्टेरेतल्या एका बारमध्ये डोक्याला मार लागला आणि तीन दिवसांनी, ११ तारखेला, तो गेला. वय ५२. म्हणजे आमचे सर म्हणीसकट त्याची गोष्ट सांगत होते तेव्हा तो जिवंत होता.

हे वाचलं आणि मी लॅपटॉप मिटून गॅलरीत जाऊन उभी राहिले.

जुलैच्या शेवटी मी भावाकडे गेले. भाऊ दुकानात होता. दुकानात वॉर्निशचा वास, जमिनीवर तांब्याच्या तारेचे तुकडे, फळीवर पंपाच्या तीन उघड्या मोटारी. मी स्टुलावर बसले आणि भाचीच्या फोल्डरपासून सुरुवात करून सगळं सांगितलं: अवजारांची खोली, टोरोड, डोरोथी, ओकलंडची आधी ठरलेली भेट. तो खाचांमध्ये तार बसवत ऐकत होता. मग मी म्हटलं, "मी तुला ही गोष्ट एकदा सगळ्यांसमोर सांगितली होती. वेगळी." त्याने हात थांबवला. "कधी?" मी सांगितलं, पाहुणे होते, पुण्याच्या नोकरीचं निघालं होतं तेव्हा. तो थोडा वेळ माझ्याकडे पाहत राहिला. "नाही गं, मला नाही आठवत," म्हणाला आणि पुढची तार ओढायला लागला. त्याला खरंच आठवत नव्हतं की त्याने मला सोडवलं, हे त्याच्या चेहऱ्यावरून समजेना. थोड्या वेळाने त्याने विचारलं, "आणि त्या मित्राचं काय झालं, ज्याने पाटी जोडून दिली त्याचं?" टोरोडनेही पुढे मशीनचा धंदा केला, मी सांगितलं. त्याने मान हलवली. त्याला तेवढंच हवं होतं.

पॅसिफिक ग्रोव्हमध्ये लाइटहाउस अव्हेन्यूवर कंपनीच्या जुन्या घरासमोर २०१४ मध्ये एक फलक बसवलाय. त्याच वर्षी सीपी/एमचा मूळ मजकूर, त्याने लिहिलेला, लोकांना वाचायला खुला झाला. मी थोडा उघडून पाहिला. मला त्यातलं फारसं कळलं नाही.

भाचीच्या फोल्डरचं तिने त्याच संध्याकाळी भागवलं होतं. नाव देवनागरीत लिहिलं, पीआरएन, आणि लॅपटॉपने ते काही न बोलता घेतलं. आमच्या क्लासमध्ये हे कोणाच्या स्वप्नातही आलं नसतं. तिचं काम झालं होतं, प्रवेशही पुढे झाला. पण भावाकडून परत आल्यावर एका रात्री मी काळी खिडकी उघडली, तीच, अजून विंडोजच्या पोटात आहे. समोर सी, त्यापुढे कोन, त्यापुढे लुकलुकणारी रेघ. कॉपी कॉन लिहिलं, पुढे पत्राचं नाव. एंटर मारला आणि रोमन अक्षरांत, जसं तेव्हा लिहायचो तसं, भावाच्या नावाने चार ओळी लिहिल्या. आजोबांचं ऑपरेशन व्यवस्थित झालं होतं, ते त्यानंतर नऊ वर्षं जगले, रोज संध्याकाळी ओट्यावर बसून पेपर वाचायचे, हेही लिहिलं. मग कंट्रोल आणि झेड. पडद्यावर आलं, एक फाइल कॉपी झाली.